काइनाने न दिलेलं उत्तर : हेवा आणि द्वेष मुळापासून कसा काढावा

आमच्या मंडळीच्या महिला सभेत मी बरीच वर्षं शास्त्राभ्यास घेते. शाळेत शिकवत होते तेव्हापासून सगळ्या मला बाईच म्हणतात आणि मन मोकळं करतात. कर्जाबद्दल बोलतात, नवऱ्याच्या दारूबद्दल बोलतात, सुनेशी पटत नाही हेही सांगतात. पण "मला माझ्या जावेचा हेवा वाटतो, माझ्यासाठी प्रार्थना करा" असं म्हणून कुणी उभी राहिलेली मी पाहिली नाही. राग कबूल करता येतो, भीतीही कबूल करता येते. हेवा कबूल करायचा तर ती माझ्यापेक्षा वरचढ आहे हे आधी तोंडाने म्हणावं लागतं, आणि तिथेच जीभ अडते. मग तो दुसऱ्याच नावाने बाहेर पडतो. "मला तिचं काही नाही हो, पण तिचं वागणं पटत नाही." "एवढा पैसा आला कुठून, देव जाणे."

हे वाचून कुणाचा तरी चेहरा तुमच्या डोळ्यांसमोर आला असेल तर पुढचं तुमच्यासाठी आहे. घाईने वाचू नका. जवळ पवित्र शास्त्र असू द्या.

आधी मूळ कुठे आहे ते बघा

उत्पत्तीचा चौथा अध्याय उघडा. दोन भाऊ अर्पण आणतात. काइन शेतकरी, हाबेल मेंढपाळ. हाबेलाचं अर्पण देवाला पसंत पडतं, काइनाचं पडत नाही, आणि काइनाचा चेहरा उतरतो. इथे जरा थांबा. हाबेलाने काइनाचं काय घेतलं होतं? काहीही नाही. हाबेल मेल्याने काइनाचं अर्पण मान्य होणार होतं का? तेही नाही. तक्रार हाबेलाशी नव्हतीच, ती देवाशी होती. आणि देव स्वतः येऊन विचारतो : तू का संतापलास? तुझा चेहरा का उतरला? पाप दाराशी टपून बसलं आहे असं सावधही करतो.

आता काइनाचं उत्तर शोधा. सापडणार नाही. सातव्या वचनात देव बोलतो आणि आठव्या वचनात काइन बोलतो, पण हाबेलाशी. प्रश्न विचारणारा समोर असताना तो भावाकडे वळला आणि दोघं शेतात गेले.

हेव्याचं मूळ मला इथे दिसतं. देवाने वाटणी करताना मला कमी दिलं, ही ती तक्रार. देवापर्यंत हात पोहोचत नाही, भाऊ मात्र हाताच्या अंतरावर असतो. देवावरचा रुसवा माणसावर काढायला लागलो की त्याचा द्वेष होतो. म्हणून योहान आपल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात काइनाचं नाव घेतो आणि लगेच पुढे म्हणतो की भावाचा द्वेष करणारा खुनीच आहे.

हे फार जुनं झालं असं वाटत असेल तर आमच्याकडचा सुगीचा सण आठवते. नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांत लोक शेतातलं पहिलं पीक, कोंबडी, अंडी, भोपळा, जे असेल ते वेदीपुढे आणून ठेवतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. एका वर्षी दोघं सख्खे भाऊ आले. थोरल्याने ज्वारीचं पोतं आणलं होतं, धाकट्याने डाळिंबाचा क्रेट. डाळिंबाची बोली चढतच गेली, लोक टाळ्या वाजवत होते. ज्वारीला एकच बोली आली आणि पोतं उचललं गेलं. थोरला जेवायलाही थांबला नाही. त्याच साली त्यांच्यात बांध कोरल्यावरून भांडण जुंपलं. मोजणी झाली, नोटिसा गेल्या. गाव म्हणतं बांधाचं भांडण आहे. मी त्या दिवशी त्या माणसाचा चेहरा पाहिला होता.

जुन्या मंडळीतल्या शिक्षकांनी यावर खोल विचार केला आहे. आम्ही प्रोटेस्टंट लोक त्यांच्याकडे फारसे वळत नाही, याचं मला वाईट वाटतं. तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनसने हेव्याची व्याख्या दुसऱ्याच्या भल्याचं दुःख अशी केली. त्याच्याही आधी, सहाव्या शतकाच्या अखेरीस, पोप ग्रेगरी पहिला याने हेव्याची पाच अपत्यं सांगितली होती : द्वेष, कुजबुज, निंदा, शेजाऱ्याच्या संकटात आनंद आणि त्याच्या भरभराटीत खेद. स्वतःला तपासायला ही यादी मला फार उपयोगी वाटते. "मला हेवा वाटतो का?" या प्रश्नाला मन नाही म्हणतं. "तिचा मुलगा नापास झाल्याचं कळलं तेव्हा क्षणभर बरं वाटलं का?" या प्रश्नापुढे ते गप्प होतं.

सगळ्याच तक्रारींना हेवा म्हणू नका

पुढे जाण्याआधी हे स्पष्ट करते, कारण इथे फार लोकांवर अन्याय होतो. वडिलांच्या मागे भावाने सातबाऱ्यावरून तुमचं नाव काढलं असेल, तर तुम्हाला वाटते ती चीड हेवा नव्हे. १ राजे, अध्याय २१ वाचा. अहाब राजाला राजवाड्याजवळचा नाबोथाचा द्राक्षमळा भाजीपाल्यासाठी हवा होता. नाबोथ म्हणाला, हे माझ्या वाडवडिलांचं वतन आहे, देणार नाही. राजा घरी जाऊन पलंगावर तोंड फिरवून पडला, जेवेना. अख्खं राज्य असलेला माणूस एका मळ्यासाठी उपाशी राहिला, तो हेवा. नाबोथाने आपलं वतन धरून ठेवलं, तो हक्क. नाबोथाला खोट्या साक्षींवर दगडमार करून मारलं तेव्हा देवाने एलीया संदेष्ट्याला पाठवलं ते अहाबाकडे.

आपले बरेच लोक ज्या समाजांतून ख्रिस्ताकडे आले त्यांना पिढ्यान् पिढ्या "दुसऱ्याचं बघू नका, आहे त्यात समाधान माना" हेच ऐकवलं गेलं. मंडळीतल्या कुणी मागणाऱ्याला याच शब्दांनी गप्प केलं तर ते शास्त्राला धरून नाही. आपला हिस्सा मागा, तलाठ्याकडे जा, लागलं तर कोर्टात जा. पुढची सगळी रीत आहे ती जे दुसऱ्याचं आहे आणि आपल्याकडून कुणी घेतलेलं नाही, त्याबद्दल.

देवाच्या प्रश्नाला उत्तर द्या

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बाकीचं याच्यावर उभं आहे.

रात्री घर झोपलं की एक कोरा कागद घ्या. वर त्या व्यक्तीचं नाव लिहा. त्याखाली तिच्याकडे नेमकं काय आहे ते लिहा. "तिचं सगळंच बरं चाललंय" असं मोघम नको. कॅनडाला गेलेला मुलगा, पाणी लागलेली बोअर, नाताळच्या गायनात दरवर्षी तिलाच मिळणारं एकटीचं कडवं, नवरा तिच्याशी चारचौघांत ज्या आदराने बोलतो तो आदर, असं लिहा. पुष्कळदा इथेच कळतं की आपण ज्याच्यावरून जळत होतो ती वस्तू वेगळीच होती. जावेच्या सोन्यावरून चिडणाऱ्या बाईला हवं असतं सासूने एकदा तिच्याकडेही बघून हसणं.

मग तिसरी ओळ : हे मला दिलं नाहीस म्हणून, देवा, मी तुला काय म्हणते? आणि ते जसं आहे तसं लिहा. "प्रभू, माझाही मुलगा हुशार होता. मी दशांश कधी चुकवला नाही. तिने मंडळीसाठी काय केलं? मग तिच्यावर कृपा आणि माझ्यावर का नाही?" लगेच "तरी तुझी इच्छा पूर्ण होवो" जोडू नका. ते म्हणण्याची वेळ येईल, पण आधी तक्रार पूर्ण होऊ द्या. आपल्याकडे लहानपणापासून गोड प्रार्थना शिकवतात, त्यामुळे देवाशी खरं बोलायला भीती वाटते. त्र्याहत्तरावं स्तोत्र मोठ्याने वाचा म्हणजे भीती जाईल. आसाफ मंदिरातला गाणारा होता. दुष्टांची भरभराट पाहून मला हेवा वाटला असं तो सरळ म्हणतो, आणि मी हात निर्मळ ठेवले ते फुकट गेले, असंही म्हणतो. हे शब्द शास्त्रात आहेत आणि देवाने ते पुसले नाहीत.

त्याच स्तोत्रात आणखी एक गोष्ट आहे, तिच्यावर फारसं बोललं जात नाही. पंधराव्या वचनात तो म्हणतो की मी हे असंच बोलत सुटलो असतो तर तुझ्या लेकरांचा विश्वासघात केला असता. म्हणजे तक्रार त्याने लोकांत फिरवली नाही, देवाच्या मंदिरात नेली. आपण नेमकं उलटं करतो. नळावर, रिक्षात, प्रार्थनेला जाताना, येताना, सगळीकडे बोलतो आणि देवापुढे सभ्य होतो.

काही रात्री हे करा. एका बैठकीत संपलं असं समजू नका. कागद मात्र रोज फाडून टाका, घरात कुणाच्या हाती लागला तर नवीनच भांडण उभं राहील.

मन थोडं निवळलं की मत्तयाच्या विसाव्या अध्यायातल्या मजुरांकडे जा. पहाटे आलेल्यांची मजुरी एक दिनार ठरली होती आणि ती त्यांना पुरी मिळाली. मालकाने त्यांनाच आधी पैसे दिले असते तर ते समाधानाने घरी गेले असते. त्याने शेवटी आलेल्यांपासून सुरुवात केली आणि त्यांनाही एक दिनारच दिला, म्हणून पहाटे आलेल्यांना ते पाहावं लागलं. मालकाने हे मुद्दाम केलं असं मला वाटतं. त्यांच्या मनात काय आहे ते बाहेर यायला हवं होतं. स्वतःला विचारा : तिला मिळालं ते मी पाहिलंच नसतं, तर माझं नेमकं काय कमी झालं असतं?

डोळा आवरा, मग जीभ

शौलाचं पाहा. तरुण दावीद गल्याथ या पलिष्टी योद्ध्याला मारून परतला तेव्हा बायका नाचत बाहेर आल्या आणि गाऊ लागल्या की शौलाने हजारो मारले, दावीदाने लाखो. १ शमुवेल, अध्याय १८. त्या बायका शौल राजाच्या स्वागताला आल्या होत्या, गाण्यात पहिलं नाव त्याचं होतं. त्याने फक्त दुसरी ओळ ऐकली. त्या दिवसापासून तो दावीदावर नजर ठेवून राहिला, आणि पुढे भाला फेकण्यापर्यंत गेला. सुरुवात नजरेपासून झाली.

म्हणून ज्या स्टेटसवर तुमचं बोट दर सकाळी आपोआप जातं ते म्यूट करा. नातं तोडायला सांगत नाही, रोजची पाहणी बंद करायला सांगते. नातेवाइकांकडे तिच्या मुलाचे टक्के, पगार, फ्लॅटची किंमत विचारणं थांबवा. माहिती नसली की मनाला हिशेब करता येत नाही.

जिभेचा नियम याहून कडक ठेवा. त्या व्यक्तीचं कौतुक निघालं तर "पण" या शब्दाने सुरू होणारं वाक्य बोलायचं नाही. "शिक्षिका चांगली आहे, पण..." इथेच ओठ मिटा. लूकाच्या पंधराव्या अध्यायातल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीत थोरला मुलगा घरी परतलेल्या धाकट्याला भाऊ म्हणत नाही. बापाला म्हणतो, "हा तुमचा मुलगा." बाप उत्तर देताना शब्द बदलतो आणि "हा तुझा भाऊ" म्हणतो. घरात तुम्ही त्या व्यक्तीचा उल्लेख कसा करता ते ऐका. "ती", "त्या बाईसाहेब", "तुमची लाडकी" असं असेल तर उद्यापासून तिचं नाव घ्या, किंवा नातं : जाऊ, वहिनी, ताई.

आता अवघड काम. तिच्या आनंदात जाऊन उभं राहायचं. रडणाऱ्यांबरोबर रडा असं पौल रोमकरांस लिहितो, पण त्याच वचनात आधी आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करायला सांगतो. कुणाच्या मयताला सगळा गाव जातो. पेढे घ्यायला जाताना पाय जड होतात. जा. आणि नुसतं "अभिनंदन" म्हणून परत फिरू नका, नेमकं बोला : "तुमच्या मुलाने रात्रपाळी करून अभ्यास केला, मला माहीत आहे." लग्नघर असेल तर धान्य निवडायला बसा, पोळ्या लाटा. मनापासून वाटेपर्यंत थांबलात तर कधीच जाणार नाही. हात कामाला लागले की मन मागून येतं, हे मी अनेकींच्या बाबतीत पाहिलं आहे.

शौलाचा मुलगा योनाथान हेच करतो. दावीदामुळे शौलापेक्षा त्याचं नुकसान जास्त होतं, कारण पुढचा राजा तो व्हायचा. त्याने आपला झगा, तलवार, धनुष्य आणि कमरबंद काढून दावीदाला दिला. पुढे रानात लपलेल्या दावीदाला जाऊन भेटला आणि स्वतःच्या तोंडाने म्हणाला : तू राजा होशील आणि मी तुझ्या खालोखाल असेन. असं वाक्य एकदा मोठ्याने उच्चारलं गेलं की हेव्याला धरायला जागा राहत नाही.

द्वेष आधीच मुरला असेल तर

हेवा वर्षानुवर्षं राहिला की कारण विसरलं जातं आणि नुसता द्वेष उरतो. दोन घरं एकाच मंदिरात वेगवेगळ्या बाकांवर बसतात, भाऊ प्रभुभोजनाला पुढे येतो म्हणून भाऊ मागे राहतो. अशा वेळी मत्तय ५:४४ प्रमाणे नाव घेऊन प्रार्थना करा, आणि जे तुम्हाला खुपतं तेच तिच्यासाठी मागा. "तिला सद्बुद्धी दे" ही प्रार्थना नव्हे, ती देवाकडे केलेली चुगली आहे. "तिच्या बोअरचं पाणी टिकू दे. तिच्या मुलाला परदेशात चांगली संगत दे." सुरुवातीला शब्द कोरडे येतील. येऊ द्या.

मग समेट. प्रभूने सांगितलं आहे की वेदीपाशी अर्पण ठेव आणि आधी जाऊन भावाशी समेट कर. जाल तेव्हा एक काळजी घ्या. "मला तुझा फार हेवा वाटायचा" असं सांगू नका. ते ओझं देवापुढे उतरवा, तिच्या डोक्यावर देऊ नका. जे केलं तेवढंच सांगा : "तुझ्या मुलीच्या स्थळाच्या वेळी मी पाहुण्यांपाशी जे बोलले ते खोटं होतं. मला क्षमा कर." स्पष्टीकरण नको, जुना हिशेब नको. तिने दार लावलं तरी तुमचं काम झालेलं आहे. आणि समोरचा मारहाण करणारा असेल तर एकटं जाऊ नका. पाळकांना बरोबर घ्या, किंवा दुरूनच क्षमा करा. क्षमा केली म्हणून त्याच्या हाताखाली परत जायलाच हवं असं नाही.

यहूदाकडून शिकण्यासारखं

बायका मला विचारतात, "बाई, सासू अजूनही तिलाच जवळ करते. मग हेवा जाईल कसा?" त्यांना मी योसेफाची गोष्ट पुन्हा वाचायला लावते आणि या वेळी योसेफाकडे बघू नका, यहूदाकडे बघा असं सांगते.

त्या घरात भेदभाव पिढीजात होता. इसहाकाचा लाडका एसाव, रिबकेचा लाडका याकोब. तोच याकोब बाप झाल्यावर योसेफासाठी खास झगा करतो. आईबापांनो, हा झगा आजही घरोघर शिवला जातो. एकाचे गुण दुसऱ्यासमोर मोजता तेव्हा तुमच्या हातात सुई असते. भावांना योसेफाशी धड बोलवत नव्हतं, आणि सतरा वर्षांच्या योसेफाला विकून टाकू ही कल्पना यहूदाची होती. चांदीची वीस नाणी पदरात पडली.

पुढच्याच, उत्पत्तीच्या अडतिसाव्या अध्यायात यहूदाचे दोन मुलगे मरतात. सून तामारेशी तो अन्यायाने वागतो आणि पुरावा समोर येतो तेव्हा चारचौघांत म्हणतो, ती माझ्यापेक्षा नीतिमान आहे. माझ्यापेक्षा! आमच्या सभेत कुणाच्या तोंडून न निघणारा शब्द तो इथे उच्चारतो. माणूस बदलायला इथून सुरुवात झाली असं मी मानते.

योसेफ तिसाव्या वर्षी मिसरचा राजा फारो याच्यापुढे उभा राहिला आणि त्याचा मोठा अधिकारी झाला. त्यानंतर सुकाळाची सात वर्षं आणि दुष्काळाची दोन गेली, म्हणजे विकल्यापासून सुमारे बावीस वर्षांनी धान्यासाठी आलेले भाऊ, त्याला न ओळखता, त्याच्यापुढे उभे आहेत. तो जेवणात बन्यामिनाला, आपल्या धाकट्या सख्ख्या भावाला, इतरांच्या पाचपट वाढतो. कुणी तोंड वाकडं करत नाही. मग प्याल्याच्या चोरीचा आळ बन्यामिनावर येतो आणि यहूदा पुढे होऊन बोलतो. चव्वेचाळिसावा अध्याय, अठरा ते चौतीस. त्यात तो बापाचे शब्द जसेच्या तसे सांगतो : तुम्हाला माहीत आहे, माझ्या बायकोपासून मला दोन मुलगे झाले. माझी बायको म्हणजे राहेल, योसेफ आणि बन्यामिनाची आई. यहूदा लेआचा मुलगा. बापाने त्याच्या आईला मोजलंच नाही, आणि हे वाक्य तो परक्यापुढे शांतपणे उच्चारतो. बापाचा जीव या पोरात गुंतला आहे, म्हणतो, याला जाऊ द्या, याच्या जागी मी गुलाम राहतो.

बाप अजिबात बदललेला नव्हता. भेदभाव होता तसाच होता. हेवा तेवढा गेला होता. तुमच्या सासूची वाट बघत बसू नका, असं मी त्या बायकांना सांगते. ती कदाचित शेवटपर्यंत अशीच राहील.

तुमचाच कुणी हेवा करत असेल तर

मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढणं सोडा. आपल्या ख्रिस्ती घरांतही हे चोरून चालतं. ज्याच्या मनात हेवा आहे तो हाडं कुजवतो, असं नीतिसूत्रे १४:३० सांगतं, आणि ती हाडं त्याची स्वतःची असतात. त्याची भीती बाळगण्यापेक्षा त्याची काळजी करा. नव्या गाडीचा फोटो सगळ्या ग्रुपवर टाकण्याआधी त्या घरी आज काय चाललं आहे ते आठवा. मिळालेलं लपवू नका, पण त्यातलं वाटा : बोअरचं पाणी शेजारच्या वावराला एखादी पाळी द्या, मुलाने शिष्यवृत्ती कशी मिळवली ते त्यांच्या मुलाला फॉर्म भरून दाखवा. सुगीच्या सणाला तुमच्या क्रेटची बोली चढत असेल, तर बाजूच्या ज्वारीच्या पोत्यावर पुढची बोली तुम्ही लावा.